हमालामागून हिमालय

मार्च संपत आला की आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोरची गर्दी एकाएकी ओसरते. मी कोपरखैरण्यातल्या एका शाळेत कारकून आहे. महिनाभर या खिडकीतून मी हॉलतिकिटं वाटते, हरवलेली ओळखपत्रं शोधून देते, रडवेल्या मुलींच्या हातात पाण्याचा ग्लास ठेवते. मग भूगोलाचा पेपर होतो आणि त्या दुपारी शाळेच्या फाटकातून एक आरोळी बाहेर पडते. ती दरवर्षी सारखीच असते. पॅड हवेत उडवणारी, शाईचे हात गणवेशाला पुसणारी मुलं बघता बघता पांगतात. मागे कुणाची तरी कंपासपेटी राहते आणि उन्हाचा एक मोठा रिकामा चौकोन.

यंदा एक मुलगी कंपासपेटी न्यायला परत आली. म्हणाली, "मॅम, आम्ही स्पितीला चाललोय! पप्पांना पटवलं शेवटी." कुठून सुचलं, विचारलं, तर तिनं मला मोबाइलवर एक रील दाखवलं. निळं आभाळ, तपकिरी डोंगर, एक पांढरा मठ, गाणं, संपलं. पंधरा सेकंदही नसतील. तिचे डोळे मात्र लकाकत होते. मला हसू आलं नाही. तिच्याच वयाची असताना एका फाटक्या पुस्तकानं माझी हीच गत केली होती. माझी एकटीचीच नाही, आमच्या सगळ्या घराची.

तेव्हा आम्ही माथाडींच्या बैठ्या घरांच्या ओळीत राहायचो. शेजारीपाजारी सगळे साताऱ्याकडचे. एकाच्या घरी पाहुणा आला की चार दारांतून माणसं डोकावायची. पहाटे वारा पूर्वेकडून आला की कारखान्यांचा आंबूस वास यायचा. आमच्या घराला त्याहून वेगळा, आमचा स्वतःचा वास होता, मिरचीचा. माझे वडील, आबा, मसाला मार्केटात पोती वाहायचे. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी वाळत घातलेल्या सदऱ्याखालून गेलं की शिंक यायची. मुलं खेळताना आमच्या दोरीखालून जायचं टाळायची.

माझा भूगोलाचा पेपर झाला त्याच आठवड्यात आबा पडले. गुंटूरहून मिरचीचा ट्रक आला होता. ट्रकला लावलेल्या फळीवरून उतरताना पाय सरकला. पाठीवरचं पोतं त्यांनी सोडलं नाही, म्हणून कंबर गेली. सोडलं असतं तर नुसती मिरची सांडली असती, असं आई पुढे कितीतरी वेळा म्हणाली. डॉक्टरांनी सहा आठवडे सपाट जमिनीवर झोपून राहायला सांगितलं. आईनं गादी काढून ठेवली, सतरंजी अंथरली, आणि दिवसाउजेडी कधी पाठ न टेकलेला माणूस पत्र्याकडे बघत आडवा झाला.

पहिला आठवडा माणसं येत होती. कुणी तेल सांगायचं, कुणी वैदू. मग येणं कमी झालं आणि आबांचा राग वाढला. चहात साखर कमी, पंख्याचा आवाज फार, शेजारचं पोर का रडतं. खरी गोष्ट कुणी बोलत नव्हतं. ही पाठ पुन्हा पोतं घेईल का?

बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत तेव्हा एक वाचनालय होतं. ते कांबळेसर चालवायचे. रत्नागिरीकडचे, टपालखात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पत्रांची विभागणी केली होती. कुठल्याही गावाचं नाव घ्या, ते त्याचा जिल्हा आणि पिनकोड सांगायचे. त्यांतलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी कादंबरी मागायला गेले होते. त्यांनी विचारलं, "वडील अजून झोपूनच आहेत ना? मग हे घेऊन जा. पडल्या पडल्या फिरतील तरी."

पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं. पहिली आठ पानंही गेलेली होती. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लेखक कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. हिमालयातल्या कुमाऊंच्या डोंगरांतून पिंडारी हिमनदीपर्यंत पायी केलेला प्रवास होता. आबा लेखकाला 'सायेब' म्हणू लागले.

दुपारची जेवणं झाली की मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायची. आबा चौथीपर्यंत शिकलेले. वर्तमानपत्र वाचायचे, पण अक्षर अक्षर चाचपत. पहिले दोन दिवस ते डोळे मिटून पडून राहिले. सायेबानं बर्फावरच्या पहाटेचं दोन पानं वर्णन केलं होतं. मी ते वाचताना स्वतःच विरघळत होते. आबा म्हणाले, "पुढं जा."

मी पुढे गेले. वाक्य होतं, 'आमचा हमाल सामान घेऊन पुढे गेला होता.'

आबांनी डोळे उघडले. "थांब. काय काय सामान हुतं?"

"ते लिहिलं नाहीये, आबा."

"लिवलं आसंल. मागं जाऊन बग."

मी मागे गेले. एका पानावर तंबू सापडला. दुसऱ्यावर रॉकेलचा स्टोव्ह. कुठे तांदूळ, कुठे बटाटे, एके ठिकाणी सायबाची पुस्तकं. आबा बोटांवर मोजत जुळवत होते. "तीस किलोच्या खाली न्हाय. आन् सगळा चढ. पट्टा कपाळाला लावतोय का खांद्याला, त्ये लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. त्या दिवसापासून आम्ही ते पुस्तक वेगळंच वाचू लागलो. सायेब वर शिखरांकडे बघायचा आणि आबा खाली त्या हमालाच्या पायांकडे. पाऊस आला की सायेब ढगांबद्दल लिहायचा, आबा विचारायचे, "आन् भिजलेल्या तंबूचं वजन?" नदीवरचा लाकडी पूल आला तेव्हा त्यांनी मला तो परिच्छेद तीनदा वाचायला लावला. त्यांना फळीची रुंदी हवी होती.

आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. तिला शिखरांचंही काही नव्हतं, हमालाचंही नाही. खाती नावाच्या गावात ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पिठाची चक्की होती, घराट म्हणतात तिला. त्या एका अर्ध्या पानावर आईचा जीव जडला. गिरणीत डबा घेऊन तासभर उभी राहणारी बाई ती. म्हणायची, "रांग नसंल तितं. धान टाकायचं, बाजूला पाय सोडून बसायचं. पानीच दळतंय."

आणि मी? मला ते शिखर हवं होतं. सूर्य उगवताना आधी गुलाबी, मग सोनेरी, मग डोळ्यांना न सोसणारं. लाल बुरांसाची फुलं हवी होती. मी वहीत त्या वाटेचा नकाशा काढला होता. मुक्कामांची नावं मला जपासारखी पाठ होती : लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया. आज वाटतं, त्या दुपारी पंख्याखाली एक पुस्तक नव्हतंच. तीन होती. लेखक एक रस्ता चालतो आणि ऐकणारी तीन माणसं तीन वेगळ्या गावांना पोचतात.

पुस्तकात शेवटाकडे एक प्रसंग होता. हिमनदीच्या अलीकडे एका सकाळी तो हमाल एका खडकावर बसला आणि उठेचना. तासभर बसून गाणी म्हणत राहिला. सायेब चिडला होता. 'आळसाला उंची नसते,' अशा अर्थाचं काहीतरी खवचट त्यानं लिहिलं होतं. मग दुपारी हवा फिरली म्हणून सगळे अलीकडच्या मुक्कामावर परतले आणि दुसऱ्या दिवशी हिमनदीला गेले.

मला सायबाचं पटलं होतं. आबा मात्र कोपरावर उठायला लागले. आई ओरडली, "आवं, पडून ऱ्हावा!"

"आळशी न्हाय त्यो," आबा म्हणाले. "त्याचा गुडघा गेलाय. मागं वाच, उताराला आडवा आडवा उतरत हुता का न्हाय? बसताना डावा पाय लांब सोडत हुता का न्हाय? दोन येळा लिवलंय सायबानं. हातानं लिवलंय, पर त्येला दिसलं न्हाय."

मी शोधलं. दोन्ही ठिकाणी तसंच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, शुद्ध उच्चारांत वाचलं होतं, आणि मलाही दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आबा पहिल्यांदा म्हणाले, "जायाला पायजे तिकडं एकदा."

आई म्हणाली, "आदी मोरीपर्यंत चालत जावा."

पुस्तकाची मुदत मी तीनदा वाढवून घेतली. चौथ्या वेळी कांबळेसर स्वतःच घरी आले. आबांनी त्यांना त्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. सर हनुवटी चोळू लागले. म्हणाले, "मोरे, मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय. मला तो हमाल आठवतसुद्धा नाही."

"तुमी जाऊन या की सर. टपालात पास मिळत आसंल."

"नको," सर हसून म्हणाले. "गेलो आणि तिथं तसं काही नसलं, तर? इथं माझं सगळं जागच्या जागी आहे."

"पर त्ये तुमचं कुटं हाय? त्ये सायबाचं हाय," आबा म्हणाले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त इतकंच वाटलं होतं की आबा पुष्कळ दिवसांनी भांडणाशिवाय इतकं बोलले. जाताना सर पुस्तक आमच्याकडेच ठेवून गेले.

मे संपता संपता आबा उभे राहिले. जूनमध्ये मार्केटात गेले. पहिल्याच दिवशी लवकर परत आले. दारात चप्पल काढून तसेच उभे राहिले. आईनं पाण्याचा तांब्या दिला. पाठीवर अर्धं पोतं चढलं तेव्हाच ते कळवळले होते. मुकादमानं त्यांना बाजूला घेतलं, हातात दाभण आणि सुतळी दिली. फाटलेली, उघडलेली पोती शिवायचं काम. म्हाताऱ्या आणि जायबंदी माणसांना देतात ते. आबा तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते.

तांब्या खाली ठेवून ते मला म्हणाले, "शैले, त्यो खडकावर बसल्याला भाग वाच."

मी वाचला. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्याला काय वाटत आसंल, एवढी मानसं पुढं हुबी आन् आपन बसलोय." मी मान वर केली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं, की या वेळी वडिलांकडे बघायचं नसतं.

आबांनी पुढची कितीतरी वर्षं पोती शिवली. मी शिकले, नोकरीला लागले. वाचनालय बंद झालं तेव्हा कांबळेसरांनी ते पुस्तक मला देऊन टाकलं. मग सरही गेले, काहीही न पाहता आणि सगळं जागच्या जागी ठेवून. बैठी घरं पाडून इमारती झाल्या, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. दरवर्षी परीक्षांचा मोसम आला की माझ्या मनात ती पत्र्याखालची दुपार उघडायची, मी म्हणायची, यंदा जाऊ. मग कुणाचं लग्न निघायचं, कुणाचं आजारपण. पुस्तक कपाटात आणि ते गाव जिथल्या तिथं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एकदाचे आम्ही गेलो, तिघंही. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे बागेश्वर, पुढे जीप. जिथं सायेब तीन दिवस चालला होता तिथं आता रस्ता होता. शेवटचे पाचेक किलोमीटर तेवढे पायी. खेचरवाले मागे लागले होते. आबांनी साफ नकार दिला. "ओझं होऊन जायाचं न्हाय मला." सकाळी निघालो ते दुपार कलल्यावर खातीत पोचलो. आई पुढे, आबा काठी टेकत मध्ये, आणि मी मागे, आभाळाकडे बघत.

आभाळात काही नव्हतं. ढग होते. तीन दिवस ढगच होते. बुरांस कधीच फुलून गेला होता, वाटेवर त्याच्या काळपटलेल्या पाकळ्या तेवढ्या. आईचं घराट ओढ्याकाठी होतं, पण छप्पर बसलेलं आणि दगडांत गवत. गावात विजेची चक्की आली होती आणि तिच्यासमोर सात बायका डबे घेऊन उभ्या होत्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की त्याही हसायला लागल्या. काही न कळता. तासाभरात ती त्यांच्या रांगेत बसून कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन होती.

मी मात्र कष्टी झाले होते. सर बरोबर होते, असं मनात येत होतं.

आबा चहाच्या टपरीवर बसले होते. टपरी खीमसिंगची. साठीचा, काटक, उन्हानं भाजलेला माणूस. तीस वर्षं त्यानं या वाटेवर परक्यांचं सामान वाहिलं होतं. आबांनी त्याला आपल्या हिंदीत सांगितलं, "हम भी हमाल था. मुंबई में. मिरची का." खीमसिंगनं टोपी मागे सारून कपाळावरचा पट्ट्याचा वळ दाखवला. आबांनी सदऱ्याची मागची बाजू खाली ओढून मानेखालची गाठ दाखवली. दोघांनी एकमेकांच्या खुणा बोटांनी चाचपून पाहिल्या. शिखर दिसत नव्हतं त्या दुपारी मी एवढं पाहिलं.

आबांनी मला हाक मारली. "पुस्तक काड. त्यो खडकाचा भाग याला हिंदीत सांग."

मी सांगितला. हमालाचं बसणं, गाणी म्हणणं, सायबाचा राग. आबांनी वर गुडघ्याची गोष्ट जोडली. खीमसिंग लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "उस दिन मौसम बिगड़ा था क्या, दोपहर में?"

"हो. म्हणजे, हाँ. वापस आना पड़ा."

खीमसिंग हसला. "घुटना होगा, चाचाजी. घुटना तो हम सबका खराब है. पर वो घुटने की वजह से नहीं बैठा. उसने ऊपर का रंग देख लिया था. साहब लोग को मुँह पे बोलो, मत जाओ, तो मानते नहीं. तो हम बैठ जाते थे. गाना गाते थे. एक घंटा निकाल दो, फिर मौसम खुद बोल देता है." त्यानं पुस्तकाकडे बोट केलं. "वो नहीं बैठता तो ये किताब कौन लिखता?"

आबांचा चहाचा ग्लास हातात तसाच राहिला. मग एकदम "हात्तिच्या!" म्हणून ते मोठ्यानं हसले. "म्हंजी एवढी वर्सं मी उगंच त्याचा गुडघा चोळत बसलो व्हय!"

पण संध्याकाळी, आम्ही खोलीत गेल्यावर, ते आईला म्हणाले, "त्यो कळून-सवरून बसला हुता. मी पडलो म्हनून बसलो."

आई शाल घडी करत होती. थांबली नाही. "तुमी शिवल्यालं एक तरी पोतं कदी उसवलं का?"

आबांनी विचार केला. "न्हाय."

"मंग झोपा."

निघायच्या आदल्या दिवशी खीमसिंगनं विचारलं, "आपके यहाँ देखने को क्या है?" आबा गोंधळले. कोपरखैरण्याला कुणी बघायला येतं, असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग ते हळूहळू सांगायला लागले. मिरचीचं पोतं फोडल्यावर गाळ्यांची आख्खी रांग कशी एकदम शिंकते. आंब्याच्या दिवसांत पेंढ्याचा वास कसा रस्ताभर येतो. शेवटी खाडी आली. पाणी रोज दोनदा निघून जातं आणि दोनदा परत येतं, ते म्हणाले. खीमसिंगची बायको भांडी घासत होती, तिनं हात थांबवला.

"वापस आता है?" खीमसिंगनं विचारलं. "पानी? ऊपर?"

"आता है ना."

त्यानं समोर उड्या घेत जाणाऱ्या पिंडर नदीकडे पाहिलं. हसला. त्याचा विश्वास बसला नव्हता. मी मात्र आबांचं बोलणं ऐकत होते आणि मला माझ्याच गावाला जावंसं वाटत होतं, जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

खीमसिंगचा मुलगा दिल्लीत हॉटेलात काम करतो. यंदा त्यानं वडिलांना मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. भूगोलाच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी खीमसिंग आमच्या दारात उभा होता, खांद्यावर राजम्याची पिशवी. दोन दिवस आबांनी त्याला मार्केट दाखवलं. तिसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी काढली आणि आम्ही खाडीवर गेलो.

ओहोटी होती. खारफुटीपलीकडे नुसता काळा चिखल, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि वास. आबांचा चेहरा पडला. ते एकदम आजूबाजूच्या सगळ्याबद्दल माफी मागायला लागले. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी पलीकडे मिठागरं होती, पांढरी. बांधावर जाळं सोडवत बसलेला गावातला एक म्हातारा म्हणाला, "थांबा जरा. पानी लागलाय भराला. आता येल."

आम्ही बांधावर बसलो. काहीच होत नव्हतं. मग चिखलातल्या एका चरात एक चकाकती रेघ दिसली. ती पुढे सरकली. खेकडे बिळांत शिरले. रेघ रुंद झाली, तिला फाटे फुटले. खीमसिंग खाली उतरला, पाण्याच्या कडेला त्यानं एक काडी रोवली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. थोड्या वेळात काडी पाण्यात होती. त्यानं ती उपटून मागे रोवली. पुन्हा पाणी आलं. तीनदा, चारदा. मग त्यानं काडी टाकून दिली, बूट काढले आणि उभा राहिला. पाणी त्याच्या घोट्यांवर चढत होतं.

"हमारे यहाँ जो गया, सो गया," तो पाण्याकडे बघतच म्हणाला.

मी आबांकडे वळले. आता ते काहीतरी सांगतील असं वाटलं. या खाडीशेजारी त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ते काठीवर दोन्ही हात ठेवून, किंचित पुढे झुकून बघत होते.

"मीबी पैल्यांदाच बगतोय," ते हळूच म्हणाले. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, माझा हात न धरता, बांधावरून खाली उतरायला लागले.